न फाडलेल्या पावत्या

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मंडळाच्या तिन्ही वह्या नीट पोचल्या. पहिली तर हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुर्डुवाडी यायच्या आतच वाचून झाली. दुसरीच्या पुठ्ठ्याला आईनं दिलेल्या शेंगाचटणीचं तेल लागलंय, ते आधीच कबूल करून टाकते.

स्मरणिकेसाठी ‘माजी विद्यार्थी मंडळाचा इतिहास दोन पानांत’ म्हणालात, पण तुमचं इतिवृत्त म्हणजे! प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. शाळेला पंखे द्यायचे की क्रिकेटचं सामान, यावर तीन सभा लागल्या. मग सर्वानुमते कसं हो?

सुरुवात मात्र झकास आहे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गावी आलेली तुमच्या वर्गातली पोरं होम मैदानावर भेटायची, म्हणून वार्षिक सभा कायम संक्रांतीनंतरच्या रविवारी. सात नंदीध्वज निघाले, संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, की मुंबई-पुण्याचे सगळे सोलापुरात सापडणारच. पहिला ठराव दरवर्षी चार हुतात्म्यांना अभिवादनाचा, कारण १२ जानेवारी १९३१ ची फाशीही याच दिवसांतली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. तुमच्या सभासदांची यादीही तशीच, घरात कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्यांची सरमिसळ.

नोंदणीची गंमत वहीत नाही, ती आईकडून कळली. १८६० च्या कायद्यानं संस्थेला निदान सात जण लागतात. तुम्ही सहा, आणि सातवा ऐनवेळी लग्नाला परगावी! मग पाळण्याच्या रांगेतून कुणाला तरी ‘चल बे, सही कर’ म्हणून ओढून आणलंत. तो आपल्या शाळेचा होता, एवढं तरी विचारलं होतंत ना? पुढं दर निवडणुकीनंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदललेल्या पदाधिकाऱ्यांचा चेंज रिपोर्ट द्यायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं. ते दोन ओळींत उरकलंय.

अडकले ती वर्गणीच्या वहीत. मिल बंद पडली त्या वर्षीचं पान. अकरा नावांपुढे एकाच तारखेला पंचवीस-पंचवीस रुपये जमा, एकाच पेननं, एका दमात लिहिलेले. अकराही जण मिलमधले. म्हणून पावतीपुस्तक काढलं. कार्बन इतका फिका, की स्थळप्रत खिडकीशी धरून वाचावी लागली. आणि तिच्यावर मूळ पावत्या तशाच. अकराच्या अकरा. फाडल्याच नाहीत तुम्ही. द्यायच्या कुणाला, पैसे त्यांनी दिलेच नव्हते!

घटनेत कलम आहे, सलग दोन वर्षं वर्गणी थकली की सभासदत्व आपोआप रद्द. ते कलमही तुमच्याच अक्षरात आहे.

दोनशे पंचाहत्तर रुपये. तारीख बघून मी हिशेब मांडला. त्याच महिन्यात आमच्या वर्गाची सहल विजापूरला गेली होती आणि मला तुम्ही ‘पुढच्या वर्षी जा’ म्हणाला होतात. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतंय? गोलघुमट मी नंतर पाहिला. आवाज सात वेळा घुमतो म्हणतात, मला पाचच मोजता आले.

आई, तुला हे ठाऊक होतं का? फोनवर सांगू नकोस, बाबा शेजारीच बसलेले असतात.

घाबरू नका बाबा, स्मरणिकेत यातलं काही घातलेलं नाही. ‘मिल बंद पडली त्या काळातही एकाही सभासदाचं नाव कमी झालं नाही’ इतकंच लिहिलंय. तेही खोडायचं असेल तर सभा बोलवा आणि सर्वानुमते ठरवा.

भोगीला येतेय. कडक भाकरी संपल्यात, डझनभर घेऊन ठेवा. डोळ्यांचे थेंब दोघांनीही वेळेवर घाला. तिन्ही वह्या परत आणते. पावतीपुस्तक मात्र माझ्याकडंच राहील.

तुमची,
धाकटी