विषय : एसव्हीजी आयकॉनचा रंग बदलत नाही

नमस्कार सपोर्ट टीम,

तुमच्या नो-कोड (कोड न लिहिता अ‍ॅप बनवायच्या) सेवेचा वर्षाचा प्लॅन मी घेतला कारण फीचरच्या यादीत स्पष्ट लिहिलंय की स्वतःचे एसव्हीजी आयकॉन (रेषा कोडने आखलेली छोटी चित्रं) टाका, थीमप्रमाणे, म्हणजे अ‍ॅपच्या ठरवलेल्या रंगांप्रमाणे, रंग आपोआप बदलेल. दोन महिने झाले, सगळे आयकॉन काळे ते काळेच आहेत.

आमच्या बचत गटाचं ऑर्डरचं अ‍ॅप मी बनवलंय, कोडिंग येत नाही म्हणून तर नो-कोडकडे आले. ऑर्डर बघणाऱ्या काकूंना बारीक अक्षर वाचायला वेळ लागतो, त्या रंगावर चालतात, माल गेला की ट्रक हिरवा, पैसे बाकी असतील तर रुपया लाल. आता सगळंच काळं दिसतं त्यामुळे गेल्या आठवड्यात एकाच घरी दोन किलो कुरडया दोनदा गेल्या. आणि संध्याकाळी फोन डार्क मोडला गेला की काळ्यावर काळं, आयकॉन दिसतच नाही पण बटण मात्र चालू असतं, काकूंचं बोट नेमकं डिलीटवर पडलं आणि चटणीची अख्खी ऑर्डर उडाली. त्या दिवशी त्या रडवेल्या झाल्या होत्या, चूक त्यांची नव्हती हो.

फाइल खराब असेल असं म्हणू नका, मी तपासलंय. आयकॉन टॅबलरच्या मोफत संचातले आहेत, एमआयटी लायसन्स, धंद्याला वापरायला हरकत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर स्ट्रोकपुढे (रेषेच्या रंगापुढे) करंटकलर लिहिलेलं आहे, म्हणजे बाहेरच्या मजकुराचा जो रंग तोच आयकॉनने घ्यायचा. तोच कोड साध्या एचटीएमएल पानात चिकटवून बाहेरचा रंग लाल केला, आयकॉन लगेच लाल झाला. तुम्ही मात्र फाइल इमेज टॅगमधून, म्हणजे वेगळा फोटो जोडावा तशी, दाखवता, तिथे बाहेरचा रंग आत पोचतच नाही, मग करंटकलर म्हणजे काळा.

तुमच्याकडून उत्तर आलं की प्रत्येक रंगाची वेगळी पीएनजी करा. 14 आयकॉन, 4 रंग, म्हणजे 56 फाइली, आणि टॅबलेटवर मोठं केलं की पीएनजी फाटते, कारण ती ठिपक्यांची बनलेली असते. मग एसव्हीजीसारखं व्हेक्टर, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं, घेतलं कशाला? सध्या मी एसव्हीजीतच रंगाचा कोड हाताने लिहून प्रत्येकाच्या कॉप्या ठेवल्यात, पण थीमचा हिरवा जरा बदलला की परत सगळं पहिल्यापासून.

माझी मागणी एवढीच, एसव्हीजीचा कोड पानात थेट घाला, अपलोड करताना त्यातली स्क्रिप्ट (आपोआप चालणारा कोड), ऑनलोडसारखे इव्हेंट आणि बाहेरच्या लिंक काढून टाका म्हणजे सुरक्षेचा धोका कमी होईल. ते जमत नसेल तर सीएसएस मास्क (आयकॉनचा आकार साच्यासारखा वापरून त्यात हवा तो रंग भरणं) वापरा, एकरंगी आयकॉनला तेवढं पुरतं. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे हवंय. होणार नसेल तर रंग आपोआप बदलण्याची ती ओळ फीचरच्या यादीतून काढा आणि माझ्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

मूळ फाइल आणि दोन्ही मोडचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

तुमची ग्राहक