कागदावर आईवडील अमेरिकेत, म्हणून भेटीला मनाई

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकात अमेरिकेच्या व्हिसाच्या बातम्या येतात. मुलाखतीची तारीख मिळत नाही, शुल्क वाढले, विद्यार्थ्यांना परत पाठवले वगैरे. पण परदेशातल्या नातेवाइकांनी इथले मूल दत्तक घेतले आणि त्या मुलाला नुसत्या भेटीचाही व्हिसा नाकारला गेला, याबद्दल कुठे काही छापून आलेले माझ्या वाचनात नाही. अशी कुटुंबे मात्र आहेत. माझे त्यातलेच एक आहे, म्हणून हे पत्र.

माझा भाऊ आणि वहिनी दोघेही गेले तेव्हा त्यांची मुलगी लहान होती. तिची पालक मी झाले. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांना मूल नाही. २०१८ साली, भाची आठ वर्षांची असताना, त्यांनी तिला दत्तक घेतले. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे आईवडील हयात नसतील तर पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने मूल दत्तक देता येते. ती परवानगी रीतसर घेतली, दत्तकपत्र नोंदवले, देण्याघेण्याचा विधी केला. मुलीला बहिणीच्या मांडीवर बसवणारी मी. त्या दिवसापासून ती बहिणीला आई म्हणते आणि मला मोठी आत्या.

मी स्वतः दस्तनोंदणीच्या कार्यालयात लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. दत्तकपत्रे माझ्या टेबलावरून बरीच गेली. आपल्या कायद्यात या कागदाला किती वजन आहे ते मला ठाऊक आहे. नोंदवलेले दत्तकपत्र न्यायालय खरे धरते, आणि वैध दत्तक नंतर कुणालाच रद्द करता येत नाही. ना दत्तक घेणाऱ्याला, ना मुलाला. आमच्या वकिलांनीही छातीठोकपणे सांगितले होते की एवढा कागद पुरे आहे, सहा-आठ महिन्यांत मुलगी तिकडे जाईल.

ती गेली नाही. कारण भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या १९९३च्या हेग करारात आहेत. आपण २००३पासून, अमेरिका एप्रिल २००८पासून. या करारात क्रमाला महत्त्व आहे. अमेरिकेत राहणाऱ्या नागरिकाने आधी तिथल्या सरकारकडे अर्ज करायचा, त्यांच्या घराची, उत्पन्नाची, पार्श्वभूमीची तपासणी व्हायची, मग आपल्याकडच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडून, म्हणजे ‘कारा’कडून, मंजुरी, आणि त्यानंतर दत्तक. आमच्याकडे दत्तक आधी झाले. अमेरिकेच्या नियमात असा उलटा क्रम चालत नाही, आणि आपल्या कायद्यात झालेले दत्तक मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. मध्ये अडकली आहे ती मुलगी.

कराराविरुद्ध माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची खरेदीविक्री होत होती म्हणून हे सगळे नियम आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली तीही याच काळजीने. ती काळजी मला पूर्ण मान्य आहे. मला बोलायचे आहे ते भेटीच्या व्हिसाबद्दल.

गेल्या वर्षी बहिणीच्या यजमानांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. एरवी ती दोघे दरवर्षी इकडे येत. आता डॉक्टरांनी त्यांना लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितले. मुलीने हट्ट धरला की मे महिन्याच्या सुट्टीत मी बाबांना बघून येते. आम्ही भेटीच्या व्हिसाचा अर्ज केला. १८५ डॉलर शुल्क भरले. शाळेचे बोनाफाइड, मुख्याध्यापकांचे पत्र, दहावीचे वर्ग कधी सुरू होणार त्याचे वेळापत्रक, रुग्णालयाची कागदपत्रे, परतीच्या तिकिटाचे आरक्षण, असे सगळे मुलीने स्वतः प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून फाइल लावली आणि प्रत्येक पाकिटावर आत काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवली.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याने तिला विचारले, आईवडील कुठे राहतात? ती म्हणाली, अमेरिकेत. मग विचारले, तू कुणाजवळ राहतेस? ती म्हणाली, मोठ्या आत्याजवळ. फाइल उघडलीच गेली नाही. पासपोर्ट परत आला आणि त्यासोबत एक छापील कागद, ज्यावर कलम २१४ (बी) असे लिहिले होते.

या कलमाचा अर्थ असा की भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे असे अमेरिकेचा कायदा आधी धरून चालतो. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. मोठ्या माणसाकडे दाखवायला नोकरी असते, शेती असते, घर असते, मागे बायकोमुले असतात. पंधरा वर्षांच्या मुलीकडे काय असणार? मुलाचा मायदेशाशी बंध म्हणजे त्याचे आईवडील, आणि हिचे आईवडील कागदोपत्री तिकडे. म्हणजे जे नाते तिला तिकडे राहायला जाण्यासाठी पुरेसे धरत नाहीत, तेच नाते ती तिकडेच राहील याचा पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवले जाते. या नकारावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पुन्हा शुल्क भरून; पण परिस्थितीत फरक पडला नसेल तर उत्तरही सहसा तेच येते. ब्रिटनमध्ये कौटुंबिक भेटीचा व्हिसा नाकारला तर अपिलाचा पूर्ण हक्क होता, तोही जून २०१३मध्ये काढून घेतला गेला. त्यामुळे हे दुखणे एकाच देशापुरते आहे असेही नाही.

अधिकाऱ्याच्या शंकेला काहीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. मुलाला भेटीच्या निमित्ताने न्यायचे आणि ठेवून घ्यायचे, हा मोह कुठल्याही आईबापांना होऊ शकतो. पण शंका घेतली तर समोरचे कागद पाहायला हवेत ना? शाळा, परीक्षा, न्यायालयाने नेमलेली पालक इथेच आहे, दत्तक आईवडील वर्षानुवर्षे इथे येऊन मुलीला भेटून परत गेले आहेत आणि एकदाही नियम मोडलेला नाही, हे सगळे त्या फाइलमध्ये होते. अल्पवयीन दत्तक मुलाच्या बाबतीत तो आजवर कुणाजवळ वाढला हे पाहूनच बंध मोजावा, एवढीच अपेक्षा आहे.

बाहेर आल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मोठी आत्या, मी आईला आत्या म्हटलं असतं तर सोडलं असतं का मला?”

तिला हा प्रश्न सुचला तो काही उगाच नाही. त्याआधी एका एजंटाने आम्हाला नेमका हाच सल्ला दिला होता. अर्जात आईवडिलांच्या रकान्यात भाऊ-वहिनींची नावे घाला, दोघेही वारले म्हणून लिहा, बहिणीला आत्या दाखवा, दत्तकाचा उल्लेखच नको. रक्ताने ती आत्याच, मग खोटे कुठे झाले, असेही वर म्हणाला. वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हा सल्ला कुणी दिला तर त्याच्या दारातून उठून या. अमेरिकेच्या अर्जात आईवडिलांबद्दल सरळ प्रश्न असतो. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवला किंवा मिळवायचा प्रयत्न केला असे ठरले, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. आज नाकारलेला व्हिसा उद्या मिळण्याची शक्यता तरी उरते. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी आपली आई आपली आई नाही असे मुलीच्या तोंडून वदवून घ्यायचे, हे मला कदापि मंजूर नाही.

आता आपल्या बाजूने काय करता येईल ते सांगते, कारण वकिलातीचे नियम आपल्या हातात नाहीत.

नातेवाइकांनी मूल दत्तक घेण्याचा रीतसर मार्ग आपल्या कायद्यात आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा हे नातेवाईक म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि परदेशात राहणाऱ्या नातेवाइकासाठी ‘कारा’मार्फत वेगळी प्रक्रिया आहे. हिंदू दत्तक कायद्याखाली दत्तक झालेल्या मुलांना परदेशी नेण्यासाठीही सप्टेंबर २०२१मध्ये नियम झाले, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या पडताळणीनंतर ‘कारा’च्या ना-हरकत पत्राची तरतूद आहे. पण समोरच्या देशाचा क्रम आधीच चुकला असेल तर आपल्याकडच्या ना-हरकतीने तिकडचे दार उघडेलच असे नाही. म्हणून माहिती मिळायला हवी ती दत्तकपत्रावर सही होण्याआधी.

ती देण्याची जागा म्हणजे दस्तनोंदणीचे टेबल. तिथे मी बसले आहे म्हणून सांगते: मुद्रांक बरोबर आहे का, साक्षीदार हजर आहेत का, ओळखपत्रे जुळतात का, एवढे तिथे पाहिले जाते, आणि नियमाप्रमाणे तेवढेच पाहायचे असते. मूल पुढे कुठे नेणार, हे विचारणारा रकानाच नाही. नोंदणी विभागाने हा एक प्रश्न घालावा. उत्तर परदेश असे आले तर दस्त अडवू नये, पण पक्षकारांच्या हातात एक छापील मराठी सूचना द्यावी: आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, ‘कारा’च्या प्रक्रियेची चौकशी करा, ज्या देशात मूल न्यायचे आहे तिथल्या नियमाचा क्रम विचारा, मग सही करा. याला नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते. दत्तकाची परवानगी देणाऱ्या न्यायालयांत आणि वकिलांच्या संघटनांतही हीच सूचना गेली पाहिजे.

ज्यांचे दत्तक होऊन गेले आहे त्यांच्यासाठी अमेरिकेच्या कायद्यात आणखी एक वाट आहे. मूल १६ वर्षांचे होण्याआधी दत्तक झालेले असेल आणि दत्तक आईवडिलांनी त्याचा कायदेशीर ताबा ठेवून दोन वर्षे त्याच्यासोबत प्रत्यक्ष संसार केलेला असेल तर हेगबाहेरून अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी अमेरिकेतले बिऱ्हाड खरोखरच इकडे हलवावे लागते. नुसत्या भेटीसाठी येऊन राहिलेले दिवस त्यात धरत नाहीत. माझ्या बहिणीच्या यजमानांचे उपचार आणि विमा दोन्ही तिकडे आहेत, त्यामुळे ही वाट सध्या आमच्यासाठी बंद आहे. ज्यांना जमण्यासारखे आहे त्यांनी मात्र जाणकार वकिलाला विचारून ठेवावे, आणि ते मूल लहान असतानाच.

आपल्या दैनिकाने या विषयावर ‘कारा’चे अधिकारी आणि परदेशगमनाच्या कायद्याचे अभ्यासक यांच्याकडून सविस्तर माहिती घेऊन छापावी, अशी विनंती आहे. ज्या घरांत सध्या दत्तकाचा विचार चालू आहे त्यांना तिचा लगेच उपयोग होईल. आमच्या मुलीचा नवा अर्ज आम्ही दिवाळीच्या सुट्टीसाठी भरतो आहोत. आईच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने आईचेच नाव लिहिले आहे.

आपली,
एक आत्या
(निवृत्त लिपिक, दस्तनोंदणी)