आई, तुझी प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अगं, तू विद्यापीठात प्रतिकारशक्तीवरच संशोधन करतेस ना? मग आईची प्रतिकारशक्ती वाढेल असं काहीतरी सांग की." हा प्रश्न दोन मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता. शिवाय आई, आमवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेटची गोळी तू मधून मधून चुकवतेस, हेही त्याच फोनवर कळलं. दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे, म्हणून नीट बसून लिहितेय.

तुझी प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही. ती तुझ्याच सांध्यांवर उठली आहे. सांध्याच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असतं, निरोगी माणसात जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीचं. आमवातात त्या अस्तरात टी पेशी, बी पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकार यंत्रणेच्या पेशी गर्दी करतात, तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, अस्तर जाड होतं आणि हळूहळू कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, मग हाडावर चढतं. या पेशी जी रसायनं सोडतात ती सांध्यापुरती राहत नाहीत, रक्तातून सगळीकडे फिरतात. तू म्हणतेस ना, "हल्ली अंगात त्राणच नसतं, मी आळशी झालेय"? तो आळस नाही गं, तो या आजाराचाच भाग आहे. बोटं दुखणं जितकं खरं, तितकाच हा थकवाही खरा.

म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे जे कुणी सुचवेल, ते घेण्याआधी मला किंवा डॉक्टरांना विचारत जा. आधीच उठलेल्या यंत्रणेला आणखी चेव आणायचा नाहीये आपल्याला.

"मलाच का?" हेही तू विचारलं होतंस. काही माणसांच्या जनुकांत या आजाराकडे झुकणारा कल असतो. एचएलए नावाच्या जनुकसमूहातले काही प्रकार त्यात येतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दोन-तीन पट जास्त होतो. सिगारेटच्या धुराने धोका वाढतो, हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसतो. या आजाराची खूण असलेल्या अँटिबॉडी (प्रतिकार यंत्रणा बनवते ती, नेमक्या लक्ष्याला चिकटणारी प्रथिनं) तर कित्येकांच्या रक्तात पहिला सांधा दुखण्याच्या काही वर्षं आधीपासून सापडतात. तेव्हा अमुक दिवशी थंड पाण्यात हात घातले म्हणून असं झालं, हे मनातून काढून टाक. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही.

बाबा, आता तुमच्या आवडीचा भाग. आमच्या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न असा, की ही यंत्रणा परक्या जंतूला मारते आणि स्वतःच्या शरीराला सोडते, ते कसं? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी तिथे तयार होतात, आणि ज्या स्वतःच्याच शरीराला जोरात चिकटतात त्या तिथेच मारल्या जातात. बराच काळ एवढं उत्तर पुरेसं वाटत होतं. पण 1969 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या पिल्लांची थायमस काढली, तेव्हा भलतंच घडलं. टी पेशींची गिरणीच बंद पडली, तर उंदीर दुबळे व्हायला हवेत. इथे मात्र पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांची अंडाशयं खराब झालेली दिसली, आणि तो त्यांच्याच प्रतिकार यंत्रणेचा हल्ला होता, हे पुढे कळलं. म्हणजे थायमस फक्त सैनिक घडवत नव्हती, त्यांना आवरणारं कुणीतरीही घडवत होती.

हे आवरणारे कोण, याचा पिच्छा शिमोन साकागुची या जपानी संशोधकांनी पुरवला. तो काळ त्यांना अनुकूल नव्हता. हल्ला दाबणाऱ्या टी पेशी असतात, ही कल्पना 1970 च्या दशकात गाजली आणि पुराव्याअभावी बदनाम झाली होती. त्या विषयाचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवत. साकागुची वर्षानुवर्षं तेच करत राहिले. 1995 मध्ये त्यांनी दाखवलं, की टी पेशींमधल्या एका छोट्या गटावर सीडी25 नावाचं प्रथिन असतं. तो गट वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांत सोडल्या, तर उंदरांचं शरीर स्वतःवरच उलटतं, आणि तो गट परत दिला तर ते टळतं. पुढे 2001 मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकी संशोधकांनी एका आजारी उंदीरजातीतून फॉक्सपी3 हे जनुक शोधलं. ते बिघडलं तर लहान मुलांना आयपेक्स नावाचा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा भयंकर आजार होतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झालं. साकागुचींच्या त्या छोट्या गटातल्या, हल्ला आवरणाऱ्या नियंत्रक पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमाने. 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. ती बातमी आली तेव्हा आमच्या लॅबमध्ये सगळे कामं सोडून उभे राहिले होते. लोकांनी टाकून दिलेल्या प्रश्नाला एक माणूस इतकी वर्षं धरून बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझं काम याच्याच पुढचं आहे. आमवात झालेल्या माणसांच्या सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर पाणी काढतात, तेव्हा त्यांच्या संमतीने थोडं आमच्याकडे येतं. नळीवर नाव नसतं, फक्त एक क्रमांक. निरोगी सांध्यातलं वंगण तारेसारखं लांबतं. हे मात्र पातळ आणि पिवळसर गढूळ असतं, कारण सुजेने त्याचा चिकटपणा मोडलेला असतो आणि त्यात पेशींची दाटी झालेली असते. मी त्यातल्या पेशी वेगळ्या करते, त्यांना चमकणारे रंग चिकटलेल्या अँटिबॉडी लावते आणि एका यंत्रातून एकामागून एक अशा सोडते. प्रत्येक पेशी लेझरसमोरून जाते आणि पडद्यावर एक ठिपका उमटतो. बघता बघता ठिपक्यांचे पुंजके तयार होतात, आणि त्यांच्या एका कोपऱ्यात नियंत्रक पेशींचा पुंजका दिसतो.

मला झोपू न देणारी गोष्ट तिथेच आहे. तुम्हाला वाटेल, सांधा सुजलाय म्हणजे तिथे नियंत्रक पेशी नसतील. पण त्या असतात! अनेक संशोधकांना सुजलेल्या सांध्यात त्यांचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा जास्त आढळलं आहे. मग सूज उतरत का नाही? एक शक्यता अशी, की तिथल्या हल्लेखोर पेशी त्यांना जुमानेनाशा होतात. दुसरी अशी, की सुजेच्या रसायनांत राहून नियंत्रक पेशींचाच गुण बदलतो. दोन्हींच्या बाजूने पुरावे आहेत. कुठल्या रुग्णात काय घडतं आणि ते परत फिरवता येतं का, हे आम्ही शोधतोय. नळी हातात घेते तेव्हा हा कुणाच्या तरी आईचा गुडघा आहे, हे माझ्या मनात असतंच.

असल्या कामातून औषध निघायला किती काळ लागतो, असं बाबा नेहमी विचारतात. एक उदाहरण सांगते. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. टीएनएफ हे सूज वाढवणारं एक रसायन अडवलं, तर सुजेची बाकीची रसायनंही कमी होतात, असं त्यांना दिसलं. 1992 मध्ये त्यांनी टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी पहिल्यांदा रुग्णांना दिली, आणि त्या दशकाच्या अखेरीस असली औषधं बाजारात आली. मात्र याच टीएनएफमुळे शरीरात दबून राहिलेला क्षयाचा जंतू कोंडलेला असतो. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आई, उद्या डॉक्टरांनी तुला ती तपासणी सांगितली तर घाबरू नकोस.

आता तुझी गोळी. चिठ्ठीवर कॅन्सरचं नाव वाचून तू धसका घेतलास, ते समजू शकते. कॅन्सरसाठी हे औषध फार मोठ्या मात्रेत देतात. आमवातात त्याची मात्रा अगदी लहान असते आणि ती पेशी मारण्यासाठी नसते, तर चवताळलेल्या पेशींना शांत करण्यासाठी असते. तिचा गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे 'घेतली तरी फरक नाही' आणि 'चुकवली तरी फरक नाही' असं दोन्हीकडून वाटतं. पण हाडावर पडलेले चरे नंतर भरून येत नाहीत, आणि तेच टाळायचे आहेत. बाबा, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि गोळ्यांची पट्टी बाकीच्या औषधांपासून वेगळी ठेवा. मळमळ होत असेल तर गुपचूप बंद न करता डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. फॉलिक ॲसिड आणि ठरलेल्या रक्त-तपासण्या चुकवू नका. यकृत आणि रक्तपेशी ठीक आहेत ना, ते त्यातूनच कळतं.

बाबा, तुमचंही थोडं. थायमस वयात आल्यापासून आक्रसत जाते आणि तिची जागा चरबी घेते. म्हातारपणी नव्या टी पेशी फार कमी तयार होतात. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या मज्जातंतूंत तो विषाणू दबून असतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण या तिन्ही लशींबद्दल डॉक्टरांना विचाराच. आईलाही विचारायला सांगा, पण तिच्या गोळीमुळे जिवंत विषाणूच्या लशी तिला सहसा देत नाहीत, म्हणून लस टोचून घेण्याआधी औषधाचं नाव आठवणीने सांगा. लस घेतल्यावर गोळी काही दिवस थांबवायची का, तेही डॉक्टरच ठरवतील.

पुढच्या तपासणीचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठवा. आई, सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात, ते तोवर रोज एका वहीत टिपून ठेव. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, आणि मलाही ते बघायचं आहे.

तुमची लेक