दुर्बीण नवी, पण वेळ चुकीची

संपादक महोदय,

कोलोनोस्कोपीच्या (गुदद्वारातून मोठे आतडे आतून तपासण्याच्या) नव्या दुर्बिणींत ‘नॅरो बँड इमेजिंग’ची सोय असते. मुठीवरचे बटण दाबले की पांढऱ्या प्रकाशाऐवजी 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश वापरला जातो. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते, म्हणून अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी, ठळक दिसतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज व व्रण येणाऱ्या आजारात) साध्या प्रकाशात बऱ्या वाटणाऱ्या भागातही यात रक्तवाहिन्यांची जाळी दाटलेली किंवा पुसटलेली आढळू शकते. सोय फार मोलाची आहे.

मात्र आतडे साफ नसेल तर ती वाया जाते. या प्रकाशात पित्ताचे पाणी रक्तासारखे लालसर दिसते आणि चिकटलेल्या मळाखालचे अस्तर कोणत्याच प्रकाशात दिसत नाही.

सुरगाणा, पेठ, कळवणहून पहाटेची एसटी धरणाऱ्या रुग्णाला सकाळी नऊची वेळ दिली जाते. वाटेत जुलाब लागतील या धास्तीने तो आतडे साफ करणाऱ्या जुलाबाच्या पावडरचे, पाण्यात कालवलेले, दोन्ही लिटर आदल्या रात्रीच पिऊन टाकतो. त्याचा यात काहीच दोष नाही. पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव उतरतो व उजवीकडचे मोठे आतडे पुन्हा माखते. क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा दीर्घ आजार) आणि आतड्याच्या क्षयाचे व्रण बहुधा तिथेच, दोन आतड्यांच्या सांध्याशी असतात.

म्हणून रुग्णालयांना कळकळीची विनंती: लांबच्या रुग्णाला दुपारी दोनची वेळ द्या. एक लिटर आदल्या संध्याकाळी घरी, दुसरा सकाळी आठ ते दहा रुग्णालयात, जवळ शौचालय मोकळे ठेवून. दहानंतर पाणीसुद्धा नको, कारण भूल द्यायची असते. आधीचे दोन-तीन दिवस नागलीची भाकरी, पालेभाजी, पेरू, द्राक्षे बंद. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास पावडर कोणती, किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे. वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. त्यांनीही आतड्यात व्रण पडतात.

चित्र कितीही स्पष्ट असले तरी सुजेचे निदान करताना तपासणीसाठी अस्तराचे बारीक तुकडे (बायोप्सी) घ्यावेच लागतात: लहान आतड्याचे टोक आणि मोठ्या आतड्याच्या पाच जागा, प्रत्येकी किमान दोन, वेगळ्या बाटल्यांत. क्षयाची शंका असल्यास जादा तुकडे सलाइनमध्ये ठेवा. तुकडे टिकवायच्या फॉर्मालिन द्रावणात जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) होत नाही.

अहवालात आतड्याच्या स्वच्छतेचे ‘बोस्टन’ मोजपट्टीचे गुणही लिहावेत, मोठ्या आतड्याच्या प्रत्येक भागाला 0 (अगदी अस्वच्छ) ते 3 (पूर्ण स्वच्छ). एखाद्या भागाला 2 पेक्षा कमी असतील तर तिथे ‘सूज नाही’ असे लिहू नये, तपासणी पुन्हा ठेवावी.

– एंडोस्कोपी कक्षातील तंत्रज्ञ व परिचारिका, नाशिक