गुडमारची एकदा नीट परीक्षा घ्या : आयुष मंत्र्यांना खुले पत्र

मा. आयुष मंत्री, भारत सरकार,
सादर नमस्कार.

मी मधुमेहाचे रुग्ण तपासतो. गुडमार ही मधुमेहावर परंपरेने वापरली जाणारी औषधी वेल. "डॉक्टर, गुडमारची पावडर चालेल का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने ती बहुधा आधीच सुरू केलेली असते. होकार किंवा नकार ठामपणे देता येईल इतका पुरावा आज माझ्या हाती नाही. तो उभा करणं आपल्या हाती आहे.

गुडमार थोतांड नाही. पान चावून जिभेवर साखर ठेवली, तर वाळूचे कण ठेवल्यासारखं वाटतं; गोडी काही काळ पार नाहीशी होते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहींना अडवतात. पण जिभेची गोडी जाणं वेगळं आणि रक्तातली साखर उतरणं वेगळं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात टाइप-२ मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत गुडमारचा अर्क दिला, साखर उतरली, काहींच्या गोळ्याही सुटल्या. आशा वाटावी असाच निकाल. तरी २२ माणसांवरून कोट्यवधींना सल्ला देता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. शिवाय नियमित तपासणीला येणारा माणूस जेवण सांभाळतो, चालायला लागतो; साखर त्यानेही उतरते.

म्हणून तुलना हवी. अनेक केंद्रांवर, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवारी करून, कुणाला अर्क आणि कुणाला निष्क्रिय कॅप्सूल हे रुग्णाला कळू नये, डॉक्टरलाही नाही. कॅप्सूलच हवी, पावडर नको: पावडर जिभेला लगेच कळते, आणि गोड बेचव लागलं म्हणून कमी खाल्लं गेलं, तर श्रेय नेमकं कशाला द्यायचं? अर्कात जिम्नेमिक आम्लांचं प्रमाण ठरलेलं असावं. किमान सहा महिने एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, मोजावं, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या व्हाव्यात. कुणाच्याही चालू गोळ्या थांबवू नयेत. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवावं, कारण दोन्हींमुळे मिळून साखर धोकादायक खाली जाऊ शकते. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांवरचे प्रयोग पुष्कळ झाले, आता आणखी नकोत.

आयुष-८२ या मधुमेहावरच्या आयुर्वेदिक औषधात गुडमार आहेच, हे मला ठाऊक आहे. पण कारलं, जांभूळ, आंब्याची कोय आणि शिलाजीत यांच्या मिश्रणातून एकट्या गुडमारचा वाटा कसा कळणार?

हा खर्च खासगी कंपनी करेल अशी आशा नाही. परंपरेने माहीत असलेल्या पानाचं पेटंट मिळत नाही, आणि ग्रंथोक्त औषधाला परवाना मिळायला अशी चाचणी लागतही नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचं मूळही गॅलेगा या जुन्या औषधी वनस्पतीतच आहे. १९५७मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते रुग्णांवर वापरून निष्कर्ष मांडले, पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि आज ते जगभर पहिल्या पसंतीचं औषध आहे. गुडमारला तशी संधी अजून मिळालेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चाचणीची नोंद सुरुवातीलाच सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत व्हावी आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो पूर्ण छापला जाईल, हे आपण आधीच जाहीर करावं. अर्क निरुपयोगी ठरला, तर त्याच्या भरवशावर इन्सुलिन सोडणाऱ्याला मला थांबवता येईल.

आपला,
एक मधुमेहतज्ज्ञ