आलेखाबरोबर एक ओळ मजकूर पण पाठवा

संपादक महोदय, नमस्कार.

इंजिनीअरिंग कॉलेजांच्या लॅबबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून येतं म्हणून हे लिहितोय. ज्या लॅबमध्ये एकत्र काम करणाऱ्या आठ-दहा मशिनचा क्लस्टर असतो तिथे लक्ष ठेवायला गँग्लिया नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, बर्कली विद्यापीठात सुरू झालेलं, फुकट आणि हलकं. पण पोरं त्यात फक्त सीपीयू, मेमरी, लोड यांचे आलेख बघत बसतात. लोड चढला हे कळतं, पण कुणाच्या कामाने चढला हे शोधायला परत एकेका मशिनवर लॉगिन करत फिरायचं.

खरं तर त्यातच जीमेट्रिक नावाची छोटी कमांड आहे, आपल्याला हवी ती माहिती गँग्लियाला पाठवणारी. आपल्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी ती टाकायची, नाव द्यायचं, मजकूर अवतरणात (नाहीतर मधल्या स्पेसमुळे शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, त्याचे तुकडे पाडतो) आणि टाइप स्ट्रिंग (म्हणजे मजकूर), मग गँग्लियात त्या मशिनच्या पानावर 'बॅकअप अर्धवट, डिस्क भरली' असं सरळ वाचता येतं.

आता गंमत अशी की हा मजकूर किती वेळ टिकणार ते जीमेट्रिकच्या डीमॅक्स या सेकंदांतल्या सेटिंगवर ठरतं, आणि तो डीफॉल्ट शून्य असतो, म्हणजे आपोआप पुसायचंच नाही. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारं क्रॉन बंद पडलं तरी मागचा 'ओके' तसाच दिसत राहतो आणि सगळे निवांत! स्क्रिप्ट रोज चालत असेल तर डीमॅक्स एका दिवसापेक्षा थोडा जास्त, नव्वद हजार सेकंद वगैरे ठेवा. शिवाय आरआरडीत, म्हणजे गँग्लिया आलेखांसाठी जुनी माहिती ठेवतं त्या फायलींत, फक्त आकडे साठतात, स्ट्रिंग नाही, त्यामुळे कालचा मजकूर आज मिळणार नाही. तो हवाच असेल तर झॅबिक्स हे असंच लक्ष ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर बघा, त्यात झॅबिक्स सेंडर या कमांडने पाठवलेला मजकूर हिस्टरीत राहतो, फक्त कॅरेक्टर टाइपला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, मोठ्या मजकुराला टेक्स्ट टाइप घ्यावा लागतो.

आणि कृपा करून त्या ओळीत पासवर्ड किंवा विद्यार्थ्यांची नावं घालू नका. गँग्लियाचं हे सगळं नेटवर्कवरून यूडीपीने उघडं, म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय जातं, आणि वेगळी बंधनं घातली नसतील तर ८६४९ पोर्टला जोडणाऱ्या कुणालाही सगळी माहिती एक्सएमएलमध्ये मिळते.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हा एक प्रयोग घालायला काय हरकत आहे? बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही दरवर्षी तेच लोडचे आलेख बघावे लागणार नाहीत.

आपला,
एक सिस्टीम अॅडमिन, पुणे