इसब पुन्हा पुन्हा का उलटते

ती. स्व. सौ. ताईस,
कृतानेक नमस्कार, वि. वि.

लेकीचे इसब कोपराच्या खळग्यात पुन्हा उलटल्याचे तू कळवलेस, आणि आपलेच काही चुकते आहे का, असेही विचारलेस. तुझे काहीही चुकलेले नाही. हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. येथे माझे काम टी-पेशींवरच, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारावरच, चालत असल्यामुळे तिच्या त्वचेत काय घडते ते तुला नीट सांगावे, असे फार दिवस मनात होते.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला बळकटी देणारे आणि ओलावा धरून ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. मात्र हा दोष प्रत्येक रुग्णात सापडत नाही, आणि तो असलेल्या प्रत्येकाला इसब होतेच असेही नाही. आजार चिघळत राहतो तो रोगप्रतिकारक पेशींनी एकमेकींना धाडलेल्या निरोपांमुळे.

कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेतून ॲलर्जी आणणारे कण आणि जंतू आत शिरले की त्वचेच्या पेशी टीएसएलपी, इंटरल्युकिन-३३ असे रेणू सोडून धोक्याची सूचना देतात. त्या सूचनेने टी-पेशींचा टीएच-२ हा गट चेतवला जातो आणि इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ मोठ्या प्रमाणात स्रवू लागतात. माझ्या मते साऱ्या आजाराचे मर्म येथेच आहे, कारण हे दोन रेणू त्वचेच्या पेशींना फिलॅग्रिन आणखी कमी बनवायला लावतात, जंतूंना रोखणारी प्रथिनेही घटवतात, आणि त्यामुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे फावते. म्हणजे मूळचा दोष नसलेली त्वचाही या निरोपांपायी दुबळी होते, आणि दुबळ्या त्वचेतून पुन्हा नवी सूचना निघते.

खाजेचेही तसेच आहे. इंटरल्युकिन-३१ थेट संवेदी मज्जातंतूंवर काम करते, त्यामुळे ‘खाजवू नकोस’ असे कितीही सांगितले तरी त्या पोरीच्या हातात फारसे काही नसते. कृपा करून तिला कोणी रागावू नये. ही खाज मुख्यतः हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रेणूची, नसल्याने ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती फारशी शमत नाही. वर्षानुवर्षे खाजवून आणि इंटरल्युकिन-२२ सारख्या इतर रेणूंच्या प्रभावाने कातडी जाड व खरखरीत होते.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. त्वचा साफ दिसू लागली तरी काही स्मृतिधारक टी-पेशी त्याच जागी मुक्काम करून राहतात आणि थोड्याशा कारणाने पुन्हा निरोप धाडू लागतात. म्हणून इसब बहुधा जुन्याच जागी उलटते. डाग गेल्यावर तुम्ही मलम लगेच थांबवता, असे तू लिहिलेस. वारंवार उलटणाऱ्या इसबात पूर्वीच्या जागांवर आठवड्यातून दोनदा सौम्य ते मध्यम ताकदीच्या स्टिरॉइडचे किंवा टॅक्रोलिमस या स्टिरॉइड नसलेल्या औषधाचे मलम काही काळ चालू ठेवण्याची पद्धत आहे. ती तिच्यासाठी योग्य आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य विचार. मॉइश्चरायझर मात्र त्वचा साफ असतानाही रोज लावलेच पाहिजे.

एवढ्याने भागले नाही तर डुपिलुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. इंटरल्युकिन-४ आणि १३ हे दोन्ही पेशीवरील ज्या ग्राहीमार्फत (निरोप घेणाऱ्या प्रथिनामार्फत) काम करतात, ती ते अडवते. काहींना त्याने डोळे लाल होण्याचा त्रास होतो. जॅक-रोधक गोळ्या, म्हणजे पेशीतील जॅक नावाची विकरे अडवणाऱ्या गोळ्या, तोच निरोप पेशीच्या आत थांबवतात, पण त्यांत जंतुसंसर्गाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका लक्षात घेऊन रक्ततपासण्या कराव्या लागतात. या दोन्हींचा विचार तिचे वय आणि आजाराची तीव्रता पाहून डॉक्टरांनीच करायचा आहे.

पुढच्या तपासणीला जाताना आजवर वापरलेल्या सर्व मलमांची नावे लिहून ने, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला सविस्तर कळव.

तुझी धाकटी बहीण